मलकप्पाची घागर

समोर आलेल्या रोग्याला मलकप्पा कंपौंडरनं 'काय होतंय' असं विचारलेलं पहिली काही वर्षं तरी मी ऐकलं नाही. तो विचारी, "आज काय केलास?"

अंगात हीव भरलेला, डोक्यावरून कांबळं घेतलेला, दोघांच्या खांद्यावर भार टाकून आलेला माणूस या प्रश्नानं गोंधळून जाई.

"काय करनार जी, पडून हाय."

"पडून हाईस ते दिसायलंय. पडायच्या आदी काय केलास?"

मग तो बापडा आठवून आठवून सांगे, की परवा औत धरलं होतं, त्याआधी कडबा रचला होता. मलकप्पा समाधानानं मान हलवी. "हां. ह्या माणसाला औषध लागू हुईल." रिकाम्या माणसाला औषध लागत नाही असं त्याचं ठाम मत होतं. वैद्यकीतलं हे एवढं एकच मत त्याचं स्वतःचं होतं, बाकीचं सगळं तो बाटलीवरच्या चिठ्ठीवर सोपवून मोकळा होई.

हे गाव मुरुमपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी मला अजून ओळखतात. लढाईचे दिवस होते, राज्य निजामाचं होतं, आणि मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. निजामाच्या सरकारबद्दल माझं मत तेव्हाही बरं नव्हतं आणि आजही नाही. पण त्या सरकारनं आमच्या गावात फुकट दवाखाना घातला होता, हे नाकारून चालणार नाही. इमारत एकच, मधे भिंत. अलीकडे माझी शाळा, पलीकडे दवाखाना. भिंत छपरापर्यंत न्यायची राहून गेली होती, त्यामुळं इकडचे पाढे तिकडे जात आणि तिकडचा खोकला इकडे येई. मलकप्पाला माझ्यामुळं तिसाचा पाढा पाठ झाला होता.

दवाखान्याला डॉक्टर मंजूर होता, पण तो मंजूरच राहिला. त्याची खुर्ची मात्र आली होती. मलकप्पानं त्या खुर्चीत कधी बूड टेकलं नाही. रोज सकाळी तो ती पुसायचा आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसायचा. कुणी हट्टानं सुई टोचाच म्हणालं, तर तो खुर्चीकडं बघून म्हणायचा, "सायबाचा हुकूम न्हाय." खेड्यातली माणसं खुर्चीलाही हात जोडून जात. अंगानं तो किडकिडीत, गळ्यात चांदीचं लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. समोर मी त्याला अहोजाहो करी, पण आठवणीत तो मलकप्पा म्हणूनच येतो.

मी गावात आलो त्या पहिल्या वर्षी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. गाव इतकं आजारी कसं, याचं मला नवल वाटे. हळूहळू उलगडा झाला. सरकारचं एरंडेल गाडीच्या आसाला फार छान बसतं, हे गावाच्या ध्यानात आलं होतं. त्यामुळं ज्याच्याकडं गाडी त्याचं पोट कायम जड. बँडेजच्या पट्ट्या जोडून बायका तान्ह्या लेकरांना कुंच्या शिवत. ज्यांना काहीच होत नव्हतं, तेही बाटली भरून नेत आणि फडताळात ठेवत. एकदा एका म्हातारीला मलकप्पानं विचारलं, "आये, हे तांबडं औषध कशासाटी नेतीस?" म्हातारी म्हणाली, "असावं बाबा घरात. सरकारनं दिलेलं हाय, न्हाई म्हनावं का?" सरकारला नाही म्हणणं बरं दिसत नाही, हा विचार आमच्या गावात फक्त दवाखान्यापुरता होता. सारा भरायच्या वेळी तो कुणाला आठवत नसे.

या सगळ्यावर कळस म्हणजे पोळा. तोंड आलं की लावायचं एक जांभळं औषध सरकारकडून येई. ते बैलाच्या शिंगाला लावलं तर बाजारातल्या रंगापेक्षा गडद चढतं आणि पावसानंही जात नाही. झालं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सबंध गावाला तोंड येऊ लागलं. तेही बैलांच्या हिशेबानं, म्हणजे ज्याच्या दावणीला चार बैल त्याच्या घरात चौघांना. बैल नसलेल्या माणसाची जीभ त्या आठवड्यात ठणठणीत असे.

त्या वर्षी पोळ्यानंतर एका बाईचं तान्हं मूल आलं. त्याचं तोंड खरोखरच आलं होतं, दूध ओढता येत नव्हतं. जांभळी बाटली रिकामी होती. मलकप्पा बाटली उपडी करून थेंब पाडायला बघत होता आणि बाहेर रस्त्यानं जांभळ्या शिंगांचे बैल पाण्यावर चालले होते. मूल पुढं बरं झालं, पण मलकप्पाला तो दिवस लागला.

"गुरुजी," भिंतीवरून त्याचा आवाज आला, "आमच्यात कायक म्हनत्यात. अंगाला घाम आल्याबिगर घास तोंडात घालू ने. सरकारनं समदं दिलं, पन घाम द्याचं इसरलं."

आणि मग घागर आली.

त्याचं असं झालं, की सरकारनं झाडं लावायचा हुकूम काढून कडूलिंबाची अकरा रोपं धाडली होती. पाण्याचा हुकूम काढायचा राहिला होता. रोपं माना टाकून उभी होती. मलकप्पानं नियम केला: ज्याला औषध पाहिजे त्यानं गावच्या आडावरून एक घागर ओढून आणायची, रोपाला घालायची, मग ओसरीवर यायचं. अंथरूण धरलेला असेल तर घरच्या माणसानं घालावी. सरकारी कागदात असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मलकप्पा म्हणायचा, "लिवलेलं न्हाय, पन नको बी लिवलेलं न्हाय."

पंधरा दिवसांत गाव बरं झालं. आड दवाखान्यापासून चांगला दोनशे पावलांवर, चढाचा रस्ता. गाडीच्या आसाला वंगण पाहिजे म्हणून एवढी चढण कोण चढतो? ज्यांची पोटं वर्षभर जड होती ती आपोआप हलकी झाली. खरा आजारी तेवढा घागर घेऊन येई, किंवा त्याची बायको येई. रोपांनी पालवी धरली. मी तर त्या दिवसांत मलकप्पाच्या अकलेवर बेहद्द खूश होतो. फुकटेपणावरचा उतारा शोधून काढला या माणसानं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

गावचे वतनदार अण्णाराव हे एक मोठं प्रस्थ. दावणीला आठ बैल. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर ते स्वतः आले, सोबत घागर घेतलेला गडी. गड्यानं घागर रोपाला घातली. अण्णाराव ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मलकप्पा, तोंड आलंय. बाटली भर."

"घागर कुनी घातली?"

"गड्यानं घातली की. दिसलं न्हाय व्हय?"

"दिसलं की. इकडं ये रे." मलकप्पानं गड्याला जवळ बोलावलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि जांभळ्या औषधाचा बोळा चांगला दोनदा फिरवला. "ज्याचं कायक त्याला औषध. जा."

गडी जांभळं तोंड घेऊन अण्णारावांच्या मागून गावातून गेला. आठ दिवस तो हसला की लोक हसत. त्या पोळ्याला अण्णारावांच्या बैलांची शिंगं गेरूनं रंगली, आणि अण्णारावांनी सरकारात अर्जी केली. कंपौंडर फुकट औषधाच्या बदल्यात रयतेकडून वेठ घेतो, असा तिचा मजकूर. आयुष्यभर गाववाल्यांकडून वेठ घेतलेल्या माणसाला वेठीचा इतका राग येईल, असं मला वाटलं नव्हतं.

अर्जीवरून तपासणीचे साहेब आले. दमणीतून उतरले ते थेट लिंबांच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. डॉक्टरच्या खुर्चीवर माणूस बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सावली अजून पातळ होती, पण मैलभरात दुसरी नव्हती.

"ये झाडां कौन लगाया?" साहेबांनी विचारलं.

"बीमार लोगां, साब," मलकप्पा म्हणाला.

"बीमार हैं कहां?"

"अच्छे हो गए, साब."

साहेबांनी रोग्यांचं पुस्तक चाळलं. दरमहा नावं कमी होत चालली होती. गावाबाहेरच्या वस्तीचं तर एकही नाव नव्हतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, उधर का कोई नहीं आता? मलकप्पा अभिमानानं म्हणाला, "नहीं साब. मेहनती लोगां हैं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मलाही ते पटलं. इतकं पटलं, की आता लिहिताना लाज वाटते.

वस्तीतला रामा येसकर आम्हा दोघांच्या रोजच्या ओळखीचा. मुरुमहून महिन्याला औषधांची पेटी यायची, ती दोन कोस डोक्यावरून तोच आणायचा. पेटी खालच्या पायरीवर ठेवायची, चार पावलं मागं सरायचं, मग मलकप्पानं ती उचलायची. अशी पद्धतच होती आणि आम्हाला तीत काही दिसत नव्हतं. घामानं निथळणारा रामा पायरीखाली बसून दम खाई. मलकप्पा मला म्हणे, "बगा गुरुजी, दोन सालं झाली, औषधाचा डोंगर वाहिला ह्यानं. कंदी एक गोळी मागितली न्हाय. ह्याला म्हनत्यात कायक." रामा हसल्यासारखं करी.

पुढच्या वर्षीचा भादवा लागला. पाऊस उघडून डबकी साचली होती आणि घरोघर हिवताप होता. लढाईमुळं तापावरचं कोयनेल मिळणं मुश्किल झालं होतं, पण त्या महिन्याच्या पेटीत ते आलं. पेटीबरोबर एक लखोटाही आला. उर्दूतलं वळणदार अक्षर मलकप्पाला लागत नसे, म्हणून त्यानं मला हाक मारली. पत्र शाबासकीचं होतं. रोगी कमी केल्याबद्दल आणि झाडं वाढवल्याबद्दल सरकार खूश आहे, इतर दवाखान्यांनी याचा कित्ता गिरवावा. मलकप्पानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

तिसऱ्या वाचनाच्या मधे पायरीखालून आवाज आला, "मालक..."

"हां रामा, बस. तू बी ऐक सरकारनं काय लिवलंय ते."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रामानं ऐकून घेतलं. "चांगलं लिवलंय," म्हणाला, मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि उठून गेला. पत्र माझ्या हातात होतं. उघडलेली पेटी, तिच्यातल्या कोयनेलच्या बाटल्या, त्याच्यापासून सहा हातांवर होत्या.

चौथ्या दिवशी तो परत आला, तेव्हा डोक्यावर पेटी नव्हती. तापानं कुणी मेलं तर येसकरानं दवाखान्यात वर्दी द्यायची असे. मलकप्पानं पुस्तक ओढलं, टाक बुडवला.

"नाव?"

"शेवंता."

"कुनाची कोन?"

"माजी लेक, मालक."

टाक तसाच राहिला. मग मलकप्पा चिडून म्हणाला, "किती दिस ताप हुता?"

"आट दिस."

"आट दिस? आन् चार दिसामागं तू हितं बसला हुतास की. तोंडानं बोलायला काय झालं तुला?"

रामा खाली बघत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"घागर कुठनं घालू, मालक? आमास्नी आडावर कोन चढू देतंय? वस्तीतल्या बाया दोन-तीनदा बसल्या हुत्या आडाखाली. कुनी वढून दील, मग आनून घालू म्हनून. दुपारतवर बसल्या. मग उठून आल्या. तवापासनं कुनी येत न्हाय."

मलकप्पा एकेका झाडाकडं बघत गेला, मोजल्यासारखा. अकराच्या अकरा लिंब डोक्याच्या वर गेले होते. मग त्यानं पुस्तकात शेवंताचं नाव लिहिलं. वस्तीतलं ते पहिलं नाव. लिहून झाल्यावर तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमाला ठावं हुतं?"

आड माझ्या खिडकीतून दिसायचा. आडाखाली बसलेल्या त्या बायका मी पाहिल्या होत्या. बाजाराला निघाल्या असतील, दमल्या असतील, असं मला वाटलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही, नुसती नकारार्थी मान हलवली.

त्याच दुपारी तो कोयनेल घेऊन वस्तीत गेला. त्या मेहनती लोकांत अकरा घरी ताप निघाला. तिथून तो पाटलाकडं गेला आणि वस्तीला आडावर चढू द्या म्हणून हात जोडले. पाटील म्हणाले, "मलकप्पा, तू औषधाचं बग, पान्याचं आमी बगू." त्यांनी ते किती बघितलं, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ओसरीपुढं घागरी घेऊन माणसं उभी होती. मलकप्पा बाहेर आला आणि म्हणाला, "साकु. पुरं झालं. आजपासनं घागर न्हाय. ज्याला पायजे त्यानं यावं."

झाडांना तो स्वतः पाणी घालू लागला. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी अकरा खेपा. आणि गाव पुन्हा आजारी पडलं. एरंडेल आसांना लागलं, तान्ह्या लेकरांना सरकारी कुंच्या आल्या, फडताळं भरली. सगळ्यात आधी आले अण्णाराव. पण त्या गर्दीत वस्तीतली माणसंही येऊ लागली होती. आधी पायरीखाली, मग पायरीवर. भांडण व्हायचं, गावकऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची. मलकप्पा खुर्चीकडं बोट करून म्हणायचा, "सायबाचा हुकूम हाय."

मला राहवलं नाही. एकदा मी त्याला म्हटलं, "मलकप्पा, हे लुटतायत तुम्हाला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"लुटू द्या की. माजं काय जातंय, सरकारचं जातंय." मग म्हणाला, "चोर हुडकाय बसलो, गुरुजी. चोर घावलेच. पन दाराला आडना घातला तवा भाईर कोन ऱ्हायलं ते बगितलंच न्हाय म्या."

वर्ष सरता सरता सरकारचं दुसरं पत्र आलं. तेही मीच वाचून दाखवलं. रोगी एकाएकी चौपट कसे झाले, औषधाची नासाडी का होते, पहिली शिस्त कुठं गेली, याचा खुलासा करावा. न केल्यास बदली. मलकप्पानं ते एकदाच वाचायला लावलं. त्याच्या सांगण्यावरून मी उत्तर लिहिलं: 'गावात पहिल्यापासूनच एवढे रोगी होते. मधली दोन वर्षं मी ते मोजले नाहीत.' खाली त्यानं वाकडी सही केली.

त्याची बदली यायच्या आधी माझीच आली. निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो. पोळा दोन दिवसांवर होता. नियमाप्रमाणं गावाला तोंड आलं होतं आणि ओसरीवर बाटल्यांची रांग लागली होती. मलकप्पानं या वेळी एखाद्या बाईच्या तान्ह्यासाठी म्हणून एक बाटली आधीच कपाटात कुलूप लावून ठेवली होती. बाकीचं तो वाटत होता. जिभा बघायचंसुद्धा त्यानं सोडलं होतं.

रांगेत शेवटी रामा होता. पायरीवर उभा, हातात एवढीशी बाटली. त्याच्याकडं बैल नव्हता, वस्तीत कुणाकडंच नव्हता. पण येताना मी वस्तीवरून आलो होतो. तिथं पोरीबाळींनी केलेले मातीचे बैल उन्हात वाळत ठेवलेले पाहिले होते. शिंगं तेवढी रंगवायची राहिली होती.

मलकप्पानं वर पाहिलं. "आज..." सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, आणि त्यानं ते गिळलं.

"काय होतंय, रामा?"

रामा जरा चाचरला. सरकारला फसवायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

"तोंड आलंय, मालक."

मलकप्पा स्टुलावरून उठला, पायरीपर्यंत गेला. रामाची हनुवटी हातात धरली, उजेडाकडं वळवली आणि जीभ बाहेर काढायला लावली. मी मागंच उभा होतो, मला दिसत होती. जीभ अगदी स्वच्छ होती.

"लई आलंय रे," मलकप्पा म्हणाला, आणि त्यानं बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.